पडेगावातला मेक्सिकन तवा

छावणीतला दाट झाडांचा रस्ता संपला आणि नाशिककडे तोंड करून थोडं पुढं आलं, की आमचं पडेगाव लागतं. खरं तर पाहुण्यांना ते लागतच नाही. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात, पण त्यांनी थांबावं असं इथं काही नाही. शहराचं नाव बदललं, सरकारी पाट्या बदलल्या. पडेगाव पडेगावच राहिलं. त्याचं नाव बदलावं असं कुणाला वाटेल, एवढं ते मोठं नाही.

अशा या पडेगावात पंक्चरचं दुकान आणि वह्या-पुस्तकांचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यावर एक दिवस पाटी लागली. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘मेक्सीकन’. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे पाटी वाचून आधी मेक्सिको आठवला नाही, ‘सी’ची दीर्घ वेलांटी खटकली. शाळेतून येताना तीन दिवस ती वेलांटी बघून पुढे गेले. चौथ्या दिवशी राहवलं नाही आणि रिक्षा थांबवली. आत एप्रन बांधलेला मुलगा कांदा चिरत होता. त्यानं मान वर केली आणि सुरी खाली ठेवून उभा राहिला. “सलाम अलैकुम, टीचर.”

माझाच विद्यार्थी निघाला. आठवीत ‘ळ’चा ‘ल’ करणारा, निबंधात प्रत्येक वेळी ‘माझा आवडता खेल’ लिहिणारा. वेलांटीचं विचारलं तर म्हणाला, “पेंटरने किया टीचर, मैं तो र्‍हस्वच बोला था.” हे खोटं होतं, पण ‘र्‍हस्व’ हा शब्द त्याच्या लक्षात होता याचा मला इतका आनंद झाला की मी वेलांटी माफ केली. ती अजून दीर्घच आहे.

त्याची हकिकत थोडक्यात सांगते. वडील नानच्या भट्टीवर कारागीर. लग्नाच्या दावतींसाठी शेकड्यांनी नान लावणारे. मुलाला भट्टीसमोर उभं राहायचं नव्हतं, म्हणून बारावीनंतर तो पुण्याला पळाला. तिथं एका मोठ्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आधी भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग टाको भरायला लागला. सहा वर्षं झाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ते किचन बंद पडलं, हा घरी आला, आणि इकडे लग्नंही बंद म्हणून वडिलांची भट्टीसुद्धा थंड. पुढची काही वर्षं त्यानं मिळेल ते काम केलं, आणि मग चार टेबलं, सोळा खुर्च्या, दोन तवे एवढ्यावर हे दुकान टाकलं.

त्या रविवारी मी सगळ्या घराला घेऊन गेले. आमच्याकडे बाहेर जेवायला जाणं हे सहज होत नाही. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हॉटेलात जेवायला तयार नसतात. त्यांच्या मते पैसे देऊन जेवतो तो मुसाफिर, घर असलेला माणूस नाही. त्यांना “मेरा शागिर्द है, नाराज होईंगा” असं सांगून नेलं. मेनूकार्ड देवनागरीत होतं. मुलीनं घाईनं वाचून टाको, बुरितो, नाचोज असं मागवलं. अम्मींनी ताटलीतला टाको उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाल्या, “ये क्या जी, आधी रोटी मोड के दे दिये?”

एक घास खाल्ल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. आत खिमा होता, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. पडेगावातल्या कोणत्याही घरात जुम्म्याला शिजतो त्याच जातीचा खिमा, फक्त जिरं जरा पुढे आणि गरम मसाला मागे. अम्मींनी निकाल दिला, “खिमा ठीक है. रोटी मैदे की कैकू?”

मुलगा ओशाळला. पुण्यात मक्याच्या टॉर्टियाचं पीठ बाहेरून तयार यायचं, इथं ते परवडत नाही. बाजारातलं मक्याचं पीठ आणून पाहिलं तर लाटताना तुटतं, दुमडलं की चिरतं. म्हणून मैदा.

इथं मला वाचकांना जरा मक्याकडे न्यावं लागेल. पावसाळ्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीकडे जाऊन पाहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका उभा असतो. आपल्या जिल्ह्यात इतका मका पिकतो, आणि तो जातो कुठं? बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना. आपण खातो ते पावसात भाजलेलं कणीस, नाहीतर सिनेमाच्या मध्यंतरात लाह्या. मका हे मूळ मेक्सिकोचं पीक. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी गवतासारख्या एका रानटी झाडापासून ते घडवलं. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली, जी मका जगभर गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेली नाही. ते मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच वाटतात. दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, आणि दाण्यात अडकून पडलेलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपनं मका नेला, चुना नेला नाही. मग इटलीच्या उत्तर भागात आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथं गरीब लोक मक्यावरच जगत होते, तिथं पेलाग्रा नावाचा रोग पसरला. आधी कातडी जाते, मग पोट, मग डोकं. धान्य नेणाऱ्यांनी ते रांधणाऱ्या बायकांना काही विचारलं नव्हतं, त्याची ही किंमत.

मी हे त्या दिवशी मोबाइलवर वाचून सगळ्यांना सांगत होते, मास्तरीण ना शेवटी. अम्मी पानाची डबी उघडून बसल्या होत्या. “चुना?” त्या म्हणाल्या. “पेठा कैसे बनते बोलके मालूम है क्या तेरे कू?” कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवल्याशिवाय पेठा कुरकुरीत होत नाही, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं. मेक्सिकोचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं असेल, पण निवळी कशी धरायची हे त्यांना ठाऊक होतं.

पुढचा आठवडा आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना, असा हिशेब मुलानं काढला. अम्मी हिशेबावर नाही, रंगावर चालतात. पाणी किती पांढुरकं दिसलं पाहिजे ते त्या बघून सांगायच्या. पहिल्या वेळी दाणे जास्त शिजले आणि लापशी झाली. दुसऱ्या वेळी साल नीट धुतलं गेलं नाही, रोटीला चुन्याचा वास आला, मुलांनी नाकं दाबली. मिक्सरमध्ये वाटलं तर पीठ गरम होऊन फुटायचं. शेवटी शेजारणीचा इडलीचा ओला ग्राइंडर आणला. गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुऱ्यांच्या प्रेसमध्ये दाबला, तव्यावर टाकला आणि तो फुगला. दुमडला, तुटला नाही. मुलगा इतका खूश झाला की त्यानं अम्मींच्या हाताला हात लावून डोळ्यांना लावला. अम्मी म्हणाल्या, “चल हट, नमक भूल गया तू.”

आता त्या दुकानात काय खावं ते सांगते, कारण तुम्ही विचारणारच. मक्याचा टाको, खिम्याचा किंवा राजम्याचा. राजमा तर तिकडचाच, तो तिथं आपल्या माहेरी असतो. नाचोज घेऊ नका. त्यावर बाटलीतलं पिवळं चीज ओततात आणि मुलं तेवढंच मागतात म्हणून तो ठेवतो. त्या नाचोजचीही एक कथा आहे. १९४३ साली मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात काही अमेरिकन बायका अवेळी जेवायला आल्या, स्वयंपाकी जागेवर नव्हता, तेव्हा इग्नासिओ आनाया नावाच्या माणसानं हाताला लागलं ते एकत्र करून पुढे ठेवलं. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो. म्हणजे नाचोज हा पदार्थ नाही, हे एका माणसाचं घरातलं हाक मारायचं नाव आहे. आपल्या देशात मेक्सिकन म्हणून जे मिळतं ते बहुतेक अमेरिकेची सीमा ओलांडून, चीजमध्ये बुडून आलेलं असतं. टाको बेलचं भारतातलं पहिलं दुकान २०१० साली बंगळुरूत उघडलं, आणि तिथून शहराशहरांत पोरांना ही चव कळली. आमच्या मुलाचा चुन्यातला टाको त्या चवीपेक्षा वेगळा लागतो. काही गिऱ्हाइकं म्हणतात, “ये ओरिजिनल नहीं लगता.”

‘ओरिजिनल’ या शब्दाची मला मौज वाटते. आमच्या शहराची ओळख म्हणजे नान-खलिया. गोष्ट अशी सांगतात की मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा फौजेला एकदम जेवू घालायला मोठ्या देगांमध्ये खलिया शिजला आणि भट्टीत नान लागले. दौलताबाद आमच्या पडेगावापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ही गोष्ट आम्ही घरची म्हणून सांगतो. असेल खरी. पण आज खलिया म्हटलं की वर तरंगणारी लाल तर्री डोळ्यांपुढे येते, ती तुघलकाच्या सैनिकाच्या ताटात असणं शक्य नव्हतं. लाल मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी तिखट म्हणजे काळी मिरी, पिंपळी, आलं. भाषा शिकवणाऱ्याला हे शब्दातच दिसतं. आपण मिरीवरून मिरची केली. आणि तिकडे कोलंबसाच्या लोकांनीही हीच चूक केली; मिरीला स्पॅनिशमध्ये ‘पिमिएंता’ म्हणतात, त्यांनी मिरचीला ‘पिमिएंतो’ केलं. ‘चिली’ हा शब्द नहुआत्ल भाषेतला, मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांचा. टोमॅटो, चॉकलेट, अवोकाडो, हे सगळे त्याच भाषेतून निघालेले. आणि दौलताबादचं सीताफळ, ज्याची आपल्याला एवढी ऐट, तेही अमेरिका खंडातलंच. नाव मात्र आपण त्याला असं दिलं की ते वनवासापासून इथंच आहे असं वाटावं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. मघापासून मी मक्याभोवती फिरतेय, कारण ती सांगायला अवघड आहे.

माझी एक मैत्रीण आहे. आम्ही २००३ साली बी.एड. एकत्र केलं. माझं मराठी तेव्हा कच्चं होतं. पाठ टाचण लिहिताना ‘ण’ कुठं आणि ‘न’ कुठं, हे तिनं मला शिकवलं. सराव पाठाच्या वेळी ती मागच्या बाकावर बसून मला मानेनं खुणा करायची. आज मी मराठीची शिक्षिका आहे यात तिचा वाटा माझ्या काही प्राध्यापकांपेक्षा मोठा आहे. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी डबे उघडायचो. ती तिची पोळी-भाजी अर्धी माझ्याकडे सरकवायची. मी माझा डबा सरकवला की ती म्हणायची, आज चतुर्थी आहे. आज एकादशी आहे. आज पोट बरं नाही. वर्षाला इतक्या चतुर्थ्या नसतात, हे मलाही माहीत होतं. मी तिच्यासाठी मुद्दाम वांग्याचं भरीत, मेथी, डाळ असं न्यायचे. मग न्यायचं सोडलं.

मैत्री सुटली नाही. ती दर ईदला येते, आजही. सुका मेवा घेते, केळं घेते. शीरखुर्मा डब्यात घालून नेते, “घरी जाऊन खाते गं.” त्या डब्याचं पुढं काय होतं ते मी वीस वर्षांत विचारलं नाही. डबा मात्र स्वच्छ घासून, आत चार लाडू घालून परत येतो.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला, “तुमच्या पडेगावात मेक्सिकन निघालंय म्हणे? माझ्या लेकीनं डोकं खाल्लंय.” म्हटलं, ये शनिवारी. त्या दोघी आल्या. मी तिला सांगितलं नव्हतं की दुकान कुणाचं आहे. सांगायचं राहिलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

बसताच तिनं मुलाला विचारलं, “तवा वेगळा आहे का रे?”

माझ्या कानशिलांत काहीतरी चढलं. वीस वर्षांच्या चतुर्थ्या एकदम आठवल्या. मुलगा मात्र अगदी शांतपणे म्हणाला, “हो मॅडम, दोन तवे आहेत. ज्याच्या दांड्याला हिरवी पट्टी आहे तो व्हेजचा. झारेपण वेगळे.” तिनं मान डोलावली आणि राजम्याचे टाको सांगितले.

मी पाणी प्यायले आणि मला पुणं आठवलं. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी गेले होते, तिथल्या शिक्षिका आम्हाला एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेल्या. तिथंही टाको होते. मी वेटरला हळूच विचारलं, चिकन हलाल आहे का? तो आत विचारायला गेला. तो परत येईपर्यंत आमच्या टेबलावर कुणी काही बोललं नाही. एकीनं रुमाल घडी घातला, उलगडला, पुन्हा घडी घातला. वेटर येऊन म्हणाला, “मॅम, तुम्ही व्हेज घ्या.” मी राजमा खाल्ला. तेव्हा मला वाटलं होतं, यात गप्प होण्यासारखं काय होतं? माझं खाणं, माझा प्रश्न. मग आज तिच्या प्रश्नानं माझी कानशिलं का तापावीत? तीही तेच करत होती. तिच्या ताटात मांस येऊ नये, हे बघत होती. त्याचा तिला हक्क आहे, जसा मला आहे.

पण भरतात मांस नव्हतं. हा फरक मी कितीही समजूतदारपणा दाखवला तरी पुसला जात नाही. तव्याबद्दल विचारणं वेगळं आणि हाताबद्दल न विचारता ठरवून टाकणं वेगळं. तव्याला हिरवी पट्टी लावता येते.

टाको आले. दुकानात त्या वेळी गर्दी नव्हती, मुलगा आमच्यासमोरच गोळे दाबत होता, हातानं उलटत होता. ती त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिनं खाल्लं. एक, मग दुसरा. तिच्या लेकीनं चार. मध्येच ती मुलाला म्हणाली, “नाव काय रे तुझं?” त्यानं सांगितलं. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिसरा टाको उचलला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माणूस खात असताना त्याच्या तोंडाकडे बघू नये, असं अम्मी म्हणतात.

निघताना स्कूटीला किल्ली लावून ती म्हणाली, “तुझ्या डब्यात तेव्हा भरीत असायचं ना गं?”

“हो.”

“वास फार छान यायचा.”

एवढंच. मग तिनं सासूबाईंसाठी दोन टाको पार्सल घेतले आणि जाता जाता हसून म्हणाली, “घरी सांगेन, मेक्सिकन आहे.” मीही हसले. त्या वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, “टीचर, इसीलिए तो मेक्सिकन रखा ना.” वडिलांची इच्छा होती की त्यानं नान-खलियाचं दुकान टाकावं, भट्टी घरची, हात घरचा. “नान-खलिया बोले तो कौन आता? अपने लोगां आते. मेक्सिकन बोले तो कोई नहीं पूछता किसका है.” बावीस-तेवीस हजार भाडं-पगार काढायचा तर सगळ्या गल्ल्यांमधून गिऱ्हाईक यायला हवं, हा त्याचा साधा हिशेब. त्यात त्याला दुःख वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण भाडं मी भरत नाही.

यावरून मला कॅलिफोर्नियातल्या पंजाब्यांची हकिकत आठवली. ती इथं सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून पुरुष तिकडे शेतमजुरीला गेले. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. तिकडच्या लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हटलं! १९१३च्या कायद्यानं परक्यांना शेतजमिनीची मालकी नाकारली, १९१७च्या कायद्यानं आशियातून येणंच बंद केलं, त्यामुळे बायका गावाकडेच राहिल्या. गोऱ्या बाईशी लग्नाला कायदा आड यायचा. मग शेकडो जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कारकून दोघांच्या कातडीचा रंग बघायचा आणि कागदावर एकच शब्द लिहायचा. कॅरन लिओनार्ड यांनी या कुटुंबांवर १९९२ साली पुस्तक लिहिलं. त्या घरांत रोटी आणि टॉर्टिया एकाच चुलीवर झाल्या, मुलांची नावं अर्धी इकडची अर्धी तिकडची पडली. पुढे युबा सिटी गावात अशाच एका मुसलमान-मेक्सिकन कुटुंबानं, रसूल कुटुंबानं, १९५४ साली ‘एल रांचेरो’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. एन्चिलादाशेजारी चिकन करी, आणि त्यांची खास गोष्ट म्हणजे रोटी केसादिया, आपली रोटी, आत चीज आणि मांस. ते १९९३पर्यंत चाललं. बाहेर पाटीवर मेक्सिकन नाव, आत पंजाबी रोटी. म्हणजे आमच्या मुलाच्या आधी सत्तर वर्षं कुणीतरी हा हिशेब केलेला होता.

आणि उलटा प्रवासही आहे. लेबनॉनकडून मेक्सिकोला गेलेले लोक आपली शवर्म्याची उभी सळई घेऊन गेले. पुएब्ला शहरात त्याचे ‘ताकोस आराबेस’, म्हणजे अरबी टाको झाले. पुढे त्याच सळईवर डुकराचं मांस चढलं आणि त्याला ‘अल पास्तोर’ म्हणू लागले, मेंढपाळाचा टाको. मेंढी गेली, मेंढपाळाचं नाव राहिलं. आमच्या मुलाच्या कार्डावरही अल पास्तोर आहे; त्यानं ते चिकनचं केलं आहे, वर अननस. मी त्याला ही कथा सांगितली तर म्हणाला, “फिर तो मैंने घर वापस लाया.” स्पॅनिशमध्ये ‘देव करो’ म्हणायला ‘ओहाला’ म्हणतात. तो शब्द अंदलूसच्या अरबीतून आलेला, त्यात अल्लाहचं नाव आहे. मेक्सिकोतली कॅथलिक आजी दिवसातून दहा वेळा तो म्हणत असेल. आमच्या अम्मींना हे सांगितलं तेव्हा त्या नुसत्या “हौ?” म्हणाल्या आणि पानाला चुना लावत राहिल्या.

मुलाच्या वडिलांनी दुकानात पाय ठेवायला आठ महिने घेतले. आले ते बिरियाच्या दिवशी. बिरिया हा मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतातला पदार्थ, बोकडाचं मटण वाळक्या मिरच्यांच्या मसाल्यात तासन्‌तास शिजवायचं, टाकोत भरायचं आणि टाको त्याच्याच रश्श्यात बुडवून खायचा. मुलगा शुक्रवारी करतो. वडिलांनी वाटी उचलली, रस्सा हलवला, तर्री बाजूला सारून पाहिली. एक घोट घेतला. “खलियाच है,” म्हणाले. “खडा मसाला कम डाले.” उठून आत गेले आणि पातेल्यात काहीतरी टाकलं. मुलानं अडवलं नाही. आता शुक्रवारी ते येतात, पातेल्यापाशी उभे राहतात. भट्टीवरच्या माणसाला खुर्चीवर बसता येत नाही.

मागच्या महिन्यात मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे छावणीत आणलं होतं, डॉक्टरला वेळ होता, तर म्हातारी म्हणे ते मागे आणलेलं मक्याचं खायचं. मी शाळा सुटल्यावर तशीच दुकानात गेले. नऊवारी नेसलेल्या, डोळ्यांना काळा चष्मा, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या आमच्या अम्मींसारख्याच खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, उठून जायच्या तयारीत. मुलानं हिरव्या पट्टीच्या तव्यावर टाको टाकले.

म्हातारीनं विचारलं, “कुणाचं गं हे हॉटेल?”

मी मैत्रिणीकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ती म्हणेल, मेक्सिकन आहे आई.

ती म्हणाली, “हिच्या विद्यार्थ्याचं.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारीनं चष्मा जरा खाली करून माझ्याकडे पाहिलं. माझा बुरखा, हातातल्या तपासायच्या वह्या. मग मुलाकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. टाको आला, तो त्यांनी मोडून, भाकरीसारखा तुकडा करून, भाजलेल्या टोमॅटो-मिरचीच्या चटणीत बुडवून खाल्ला. दुसरा तुकडा मोडला. मग चटणीची वाटी बोटानं पुढे सरकवून मुलाला म्हणाल्या, “यात दाणे नाहीत. ठेच्यात दाणे घालावेत रे बाबा. भाजून.”

मेक्सिकोत बेराक्रूसकडे वाळक्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतून चटणी करतात, तिला साल्सा माचा म्हणतात. मुलाला ते पुण्यातच माहीत झालेलं. तो सांगणारही होता. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. तो म्हणाला, “हो आजी, उद्यापासून घालतो.” ‘घालतो’मधला ‘ळ’ त्यानं अजूनही ‘ल’ केला असता, पण नशिबानं त्या शब्दात ‘ळ’ नाही.